राहून गेलेली माणसे : ओमी मिशन आणि जपानमधील दीड हजार इमारती

१/
डिसेंबर २००२. जपानच्या शिगा प्रांतातील तोयोसातो या लहानशा गावात एक जुनी प्राथमिक शाळा पाडायची होती. गावकऱ्यांनी न्यायालयातून मनाई हुकूम आणला. तरीही पाडकाम करणारी माणसे आली, खिडक्यांची तावदाने फुटली आणि गावकरी इमारतीच्या आड उभे राहिले. प्रकरण देशभर गाजले. पुढे नगराध्यक्षांना परत बोलावण्यासाठी मतदानही झाले. शाळा वाचली. २००९ पर्यंत तिची डागडुजी पूर्ण झाली आणि आज ती पर्यटकांनी गजबजलेली असते.

२/
त्या शाळेत काय होते? १९३७ साली बांधलेली काँक्रीटची पांढरी, प्रशस्त इमारत. जिन्याचा लाकडी कठडा चढत वर जातो आणि त्यावर जागोजागी पितळेचा एक ससा व एक कासव बसवलेले आहे. खालच्या पायरीपाशी दोघे बरोबर निघतात, मध्येच ससा झोपतो आणि वरच्या टोकाला कासव पोहोचते. मूल रोज वर्गात जाताना हाताने चाचपत ती गोष्ट वाचते. इमारतीचा खर्च गावातूनच मोठे झालेले व्यापारी फुरुकावा तेत्सुजिरो यांनी केला होता. आराखडा मात्र जवळच्याच ओमी-हाचिमान गावातील एका कार्यालयातून आला होता.

३/
त्या कार्यालयाने जपानभर सुमारे दीड हजार इमारतींचे आराखडे केले : चर्च, शाळा, महाविद्यालये, रुग्णालये, घरे, एक भव्य दुकान, एक हॉटेल. संस्थापक विल्यम मेरेल व्होरिस. ते अमेरिकन होते, धर्मप्रसारासाठी आले होते आणि वास्तुकलेची कोणतीही पदवी त्यांच्याकडे नव्हती. आजचा धागा त्यांच्याविषयी आहे. त्याहून अधिक तो त्या कार्यालयात आयुष्य घालवलेल्या माणसांविषयी आहे.

४/
आधी थोडी पार्श्वभूमी. परदेशात जाऊन गरजू संस्थांसाठी इमारतींचे आराखडे करून देणाऱ्या ख्रिस्ती सेवाभावी संस्था आजही आहेत. अमेरिकेतील कॉलोराडो स्प्रिंग्ज येथे १९८०च्या दशकात सुरू झालेली इंजिनिअरिंग मिनिस्ट्रीज इंटरनॅशनल ही त्यांतील एक. अशा संस्थांत अभियंते व वास्तुविशारद काही दिवसांसाठी स्वयंसेवक म्हणून येतात आणि परततात. काम तडीस जाते ते वर्षानुवर्षे तेथेच राहणाऱ्या माणसांमुळे. या प्रकारच्या कामाचा विसाव्या शतकाच्या आरंभीचा एक ठळक नमुना ओमी-हाचिमानात सापडतो. योगायोग असा की व्होरिसही कॉलोराडो स्प्रिंग्जमधीलच कॉलोराडो कॉलेजचे पदवीधर.

५/
व्होरिस यांचा जन्म १८८० साली कॅन्सस राज्यातील लेव्हनवर्थ येथे झाला. तरुणपणी त्यांना वास्तुविशारद व्हायचे होते. १९०२ साली टोरांटो येथे विद्यार्थी स्वयंसेवकांच्या मोठ्या मिशनरी परिषदेला ते गेले आणि चीनमधील कामाची हकीकत ऐकून त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. तत्त्वज्ञान विषय घेऊन १९०४ साली ते पदवीधर झाले. १९०५च्या जानेवारीअखेर जहाज योकोहामाला लागले. रशिया-जपान युद्ध ऐन भरात होते. वाय. एम. सी. ए.च्या मध्यस्थीने त्यांना हाचिमानच्या व्यापारी शाळेत इंग्रजी शिकवण्याची नोकरी मिळाली होती.

६/
हाचिमान हे गाव समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच कळणार नाही. जपानच्या सर्वांत मोठ्या बिवा सरोवराकाठी, १५८५ साली तोयोतोमी हिदेत्सुगु याने वसवलेले हे किल्ल्याचे गाव. किल्ला लवकरच ओस पडला, पण सरोवराला जोडणारा कालवा आणि पेठ टिकली. ओमी प्रांताचे हे व्यापारी खांद्यावर कावड घेऊन देशभर फिरत. मच्छरदाण्या, चटया, कापड विकत. दुकाने दूरच्या शहरांत आणि मूळ घर गावात, ही त्यांची रीत. काटकसर, चोख हिशेब आणि दूरच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या धीराने धंदा करणे हा त्यांचा लौकिक. त्यांची मुले जेथे शिकत, त्या शाळेत हा पंचविशीतला परदेशी शिक्षक आला.

७/
व्होरिस यांनी संध्याकाळी घरी बायबलचा वर्ग सुरू केला. मुले मोठ्या संख्येने येऊ लागली आणि काही जणांनी बाप्तिस्मा घेतला. हा भाग बौद्ध परंपरेचा बालेकिल्ला होता. पालकांत अस्वस्थता पसरली. १९०७ साली शाळेने त्यांना कामावरून कमी केले. त्याच वर्षी गावात वाय. एम. सी. ए.ची इमारत उभी राहिली होती. कॉलेजमधील त्यांचा जिवलग मित्र हर्बर्ट अँड्र्यूज अकाली वारला होता आणि त्याच्या कुटुंबीयांनी दिलेल्या देणगीतून ती बांधली गेली. व्होरिस यांची ही पहिली वास्तू. घर होते, नोकरी नव्हती.

८/
येथे शहाण्या माणसाने परतीचे तिकीट काढले असते. कोणतेही मिशन मंडळ त्यांच्या पाठीशी नव्हते. पगार देणारे कोणी नव्हते. तरी ते राहिले. एक विद्यार्थीही त्यांच्यासोबत राहिला. त्याचे नाव योशिदा एत्सुझो. जन्म १८९०चा, म्हणजे तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचा. व्यापारी शाळेत शिकलेल्या अशा मुलाला शहरातील पेढ्यांत सहज जागा मिळाली असती. त्याने बेकार झालेल्या मास्तरांची सोबत पत्करली. पुढील पस्तीस वर्षे, मृत्यूपर्यंत, योशिदा या कामाशीच बांधलेले राहिले. या इतिहासातील पहिला दीर्घकालीन कार्यकर्ता कोण, असे विचारले तर उत्तर त्यांचेच नाव द्यावे लागेल.

९/
पोट भरण्याचा प्रश्न १९०८ साली वेगळ्याच वाटेने सुटला. क्योतो येथे वाय. एम. सी. ए.ची नवी इमारत होत होती. तिचा आराखडा गेओर्ग द लालांद या जर्मन वास्तुविशारदाचा होता. जागेवर देखरेख करणारा माणूस हवा होता आणि ते काम व्होरिस यांना मिळाले. तेथेच एका खोलीत त्यांनी आपले बांधकाम-देखरेखीचे कार्यालय थाटले. आराखडा वाचणे, गवंडी-सुतारांशी बोलणे, मालाचा दर्जा तपासणे, हिशेब जुळवणे हे सारे ते काम करता करता शिकले.

१०/
मागणीला तोटा नव्हता. जपानभर अमेरिकी व कॅनेडियन मिशने शाळा आणि चर्च बांधत होती. मंडळांचे पैसे समुद्रापलीकडून येत, आणि ते खर्च करणाऱ्या धर्मोपदेशकांना बांधकामातले काही कळत नसे. त्यांना इंग्रजीत बोलणारा, जपानी कारागिरांना ओळखणारा आणि पैशात न फसवणारा माणूस हवा होता. ओमीच्या जुन्या व्यापाऱ्यांनी जसे गिऱ्हाइकाचे दार हेरले होते, तसेच हे दार या नव्या कार्यालयाने हेरले.

११/
१९१० साली व्होरिस अमेरिकेला जाऊन आले. परतताना त्यांच्यासोबत लेस्टर चेपिन हे रीतसर शिकलेले वास्तुविशारद होते. डिसेंबर १९१० मध्ये व्होरिस, चेपिन आणि योशिदा या तिघांनी मिळून व्होरिस आणि कंपनी स्थापन केली. पुढल्या वर्षी ओमी मिशन ही संस्था आकाराला आली. १९१२ साली जोशुआ व्होगेल हे आणखी एक अमेरिकन वास्तुविशारद येऊन मिळाले. आरंभीच्या कामांना शिस्तीचे आणि शास्त्राचे बळ या दोघांनी दिले.

१२/
चेपिन आणि व्होगेल काही वर्षांनी मायदेशी परतले. त्यांनी आपले काम केले होते, यात त्यांचा दोष काहीच नाही. मात्र रेखाटनाच्या टेबलाशी मागे उरली ती हाचिमानची स्थानिक मुले. व्यापारी शाळेत जमाखर्च शिकलेले मुराता कोइचिरो कार्यालयाच्या कारभाराचे आधारस्तंभ झाले. त्याच शाळेचे सातो हिसाकात्सु यांनी परदेशी वास्तुविशारदांच्या शेजारी बसून रेखाटन आत्मसात केले आणि ते कार्यालयाचे प्रमुख रचनाकार बनले. ज्यांना या कामाची पदवी नव्हती, त्यांनीच ते काम दशकानुदशके वाहिले.

१३/
आता या संस्थेचे अर्थशास्त्र पाहू, कारण खरी मौज तेथे आहे. बहुतेक मिशने मायदेशाच्या देणग्यांवर चालत. ओमी मिशन कोणत्याही एका पंथाच्या मंडळाला बांधलेले नव्हते. कार्यालयाला मिळणारे शुल्क एका सामाईक खजिन्यात जाई आणि त्यातून प्रत्येकाला निर्वाहापुरती रक्कम मिळे. संस्थापकही याला अपवाद नव्हते. उरलेला पैसा मिशनच्या कामाला. वास्तुविशारद म्हणून शहरात मिळू शकली असती ती संपत्ती येथे कोणाच्याच घरी गेली नाही.

१४/
पुढे खजिन्याला दुसरा झरा मिळाला, तोही अनपेक्षित ठिकाणी. कॅन्ससमधील विचिटा येथील अल्बर्ट अलेक्झांडर हाइड हे मेंथोलेटम या मलमाचे निर्माते आणि मिशनचे पाठीराखे. त्यांच्याकडून जपानमधील विक्रीचा हक्क मिळाला आणि १९२० साली ओमी सेल्स कंपनी उभी राहिली. सर्दी, खरचटणे, अंगदुखी या सगळ्यांवर चालणारे ते मलम जपानच्या घराघरांत पोहोचले. एकीकडे इमारतींचे आराखडे, दुसरीकडे मलमाच्या डब्या, आणि दोन्हींच्या नफ्यावर चालणारे मिशन! ओमीच्या व्यापाऱ्यांच्या गावात हे मुळीच विचित्र वाटले नसेल.

१५/
पैसा कोठे गेला? १९१४ साली गॅलिली मारू नावाची मोटारबोट बिवा सरोवरात उतरली आणि काठावरची खेडी तिच्या टप्प्यात आली. १९१८ साली क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उघडले. तेव्हा क्षयावर औषध नव्हते आणि रोग्याला घरातले लोकही दूर लोटत. मोकळी हवा, ऊन, विश्रांती आणि सकस आहार एवढाच उपचार होता. म्हणजे इमारत हेच औषध. तेथील एका छोट्या इमारतीत पाच खोल्या पंजाच्या बोटांसारख्या बाहेर पसरल्या आहेत, जेणेकरून प्रत्येक रोग्याला आपला स्वतंत्र उजेड आणि वारा मिळावा. व्होरिस यांच्या नावाचे रुग्णालय त्या आवारात आजही चालू आहे.

१६/
१९१९ साली व्होरिस यांनी हितोत्सुयानागी माकिको यांच्याशी विवाह केला. माकिको एका माजी दाइम्यो घराण्यातील व्हायकाउंटची कन्या. त्या अमेरिकेत राहून आल्या होत्या. त्यांचे बंधू हिरोओका या धनाढ्य कुटुंबात दत्तक गेले होते आणि त्या कुटुंबाच्या घराचे काम करताना दोघांची ओळख झाली. परदेशी माणसाशी लग्न करण्यासाठी माकिकोंना सरदारकीच्या नोंदीतून बाहेर पडावे लागले. लग्न तोक्योच्या मेइजी गाकुइन येथील प्रार्थनामंदिरात झाले. ते मंदिरही व्होरिस यांच्याच कार्यालयाचे, १९१६चे.

१७/
माकिकोंना केवळ 'पत्नी' म्हणून एका ओळीत उरकणे अन्यायाचे होईल. हाचिमानला आल्यावर त्यांनी रस्त्यावर हिंडणाऱ्या मुलांसाठी खेळाचे मैदान काढले, त्यातून बालकमंदिर वाढले आणि पुढे शाळा झाली. १९३१ साली हाइड यांच्या देणगीतून बालकमंदिराची नवी इमारत बांधली गेली. ती गावात अजून उभी आहे. तोयोसातोच्या कठड्यावरील ससा-कासव पाहताना मला वाटते, की मुलांच्या उंचीवरून जग पाहण्याची ही सवय कार्यालयाला शेजारच्याच बालकमंदिराने लावली असावी.

१८/
कार्यालयाची कामाची पद्धत कशी होती? दिवसाचा आरंभ प्रार्थनेने होई. उन्हाळ्यात कार्यालयाची एक शाखा कारुइझावा या थंड हवेच्या ठिकाणी हले. कारण साधे : जपानभरचे मिशनरी उन्हाळ्यात तेथेच एकत्र येत, म्हणजे वर्षभराचे सारे गिऱ्हाईक एका टेकडीवर भेटे. व्होरिस कल्पना मांडत, गिऱ्हाइकाशी बोलत, खोल्यांची मांडणी ठरवत. रेषा पक्क्या करणे, मोजमाप, दर्शनी भागाची नक्षी आणि ठेकेदाराशी रोजचा व्यवहार हे सहकाऱ्यांचे काम. १९२३ साली आलेल्या आपल्या पुस्तकात व्होरिस यांनी सामान्य कुटुंबाच्या घराची रचना सांगितली आहे. दिखाऊपणापेक्षा आरोग्य आणि सोय महत्त्वाची, हे त्यांचे सूत्र होते.

१९/
१९२० आणि १९३०च्या दशकांत कार्यालय बहरात होते. निशिनोमिया येथील क्वान्सेइ गाकुइन विद्यापीठाचे आवार (१९२९) : लाल कौले, फिकट भिंती, मध्ये हिरवळ आणि टोकाला घड्याळाचा मनोरा. त्याच शहरातील कोबे महिला महाविद्यालय (१९३३) : त्याच्या इमारती आज राष्ट्रीय सांस्कृतिक वारशात गणल्या जातात. सोलमधील इह्वा महिला महाविद्यालयाची मुख्य इमारत (१९३५) हीदेखील याच टेबलावर रेखाटली गेली. तेव्हा कोरिया जपानची वसाहत होती. अमेरिकी मिशनचा पैसा, जपानमधील कार्यालयाचा आराखडा आणि शिकणाऱ्या कोरियन मुली, अशी त्या दगडी इमारतीत तीन देशांची गुंतागुंत आहे.

२०/
याच काळात ओसाका शहरात दाइमारू हे विशाल दुकान टप्प्याटप्प्याने उभे राहिले आणि १९३३ साली पूर्ण झाले. दारावर मोर, छतांवर भौमितिक नक्षी, रंगीत काचा, झगमगते उद्वाहक. या अलंकरणात सातो हिसाकात्सु यांचा हात स्पष्ट दिसतो. साधेपणाचे व्रत घेतलेल्या मिशनने चैनीचा असा राजवाडा का बांधावा? विसंगती खरीच आहे. पण याच शुल्कातून क्षयरोग्यांच्या खाटांचा खर्च निघत होता, हेही तितकेच खरे. धंदा आणि धर्म एकाच वहीत मांडणाऱ्या संस्थेला हा ताण टाळता येणार नव्हता. तिने तो टाळला नाही, अंगावर घेतला.

२१/
१९३४ साली संस्थेचे नाव बदलून ओमी बंधुसंघ झाले. 'मिशन' या शब्दात बाहेरून येऊन देणारा आणि आत बसून घेणारा असा भेद राहतो. 'बंधुसंघ' तो पुसू पाहतो. पण काळ उलटत होता. लष्करशाहीचा फास आवळत गेला. १९४१ साली प्रॉटेस्टंट पंथांना एकाच सरकारमान्य चर्चमध्ये एकत्र यावे लागले आणि बहुतांश अमेरिकी मिशनरी देश सोडून गेले. त्याच वर्षाच्या आरंभी व्होरिस यांनी जपानचे नागरिकत्व घेतले. आडनाव पत्नीचे, आणि नाव मेरेरु. ते लिहिण्यासाठी निवडलेल्या तीन अक्षरांचा अर्थ होतो : अमेरिकेतून आला आणि राहिला.

२२/
हा निर्णय सोपा नव्हता आणि आज त्याचे मूल्यमापनही सोपे नाही. चीनमध्ये जपानी सैन्याने मांडलेले युद्ध चौथ्या वर्षात होते. अशा राज्याचे प्रजाजन होणे म्हणजे त्याच्या पापांकडे डोळेझाक करणे, असे कोणी म्हणेल. परत जाणे म्हणजे छत्तीस वर्षांच्या सोबत्यांना वाऱ्यावर सोडणे, असे दुसरा म्हणेल. नागरिकत्वाने संशय संपला नाही. युद्धाची वर्षे पतिपत्नींनी कारुइझावात काढली. आणि १९४२ साली योशिदा एत्सुझो गेले. सतराव्या वर्षी जो राहिला होता, त्याला या कामाचा युद्धानंतरचा दिवस पाहता आला नाही.

२३/
युद्धानंतरचा एक प्रसंग वारंवार सांगितला जातो. सप्टेंबर १९४५ मध्ये माजी पंतप्रधान कोनोए फुमिमारो आणि जनरल मॅकआर्थर यांच्या गोटात संपर्क जुळवण्यासाठी व्होरिस यांनी धावपळ केली. त्यांच्या रोजनिशीत याच्या नोंदी आहेत. त्यावरून काही लोकप्रिय लिखाणात थेट 'सम्राटाला वाचवणारा अमेरिकन' अशी उपाधी दिली जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबावे. सम्राटाचे पद टिकले त्यामागे अमेरिकी धोरणाची अनेक कारणे होती. मध्यस्थ असणे वेगळे आणि निर्णय घडवणे वेगळे.

२४/
१९५७ साली कारुइझावा येथे मेंदूत रक्तस्राव होऊन व्होरिस अंथरुणाला खिळले. १९५८ साली ओमी-हाचिमानने त्यांना आपला पहिला मानद नागरिक केले. ज्या गावच्या शाळेने काढून टाकले, त्याच गावाने, एक्कावन्न वर्षांनी. ७ मे १९६४ रोजी ते तेथेच वारले. मुक्काम एकूण एकोणसाठ वर्षांचा. मात्र कार्यालय त्यांच्या आजारपणात थांबले नव्हते. सहकाऱ्यांनी ते स्वतंत्र कंपनी म्हणून नव्याने उभे केले. तिच्या नावात व्होरिस यांच्यासोबत 'एक दाणा' असा अर्थ असलेला शब्द आहे. जमिनीत पडून मेलेला दाणाच पीक देतो, हा बायबलमधील दृष्टान्त त्यामागे आहे. ते कार्यालय आजही आराखडे करते.

२५/
उतरणही आली. १९७४ साली बंधुसंघाची औषध कंपनी आर्थिक संकटात सापडली आणि मेंथोलेटमचा हक्क हातचा गेला. तो रोहतो या कंपनीकडे गेला. हाचिमानची कंपनी सावरली आणि जवळपास तशाच नावाचे आपले मलम विकू लागली. ओसाकाच्या दाइमारूची जुनी इमारत पाडून, दर्शनी भिंत राखून, २०१९ साली नवी उघडली. तोक्योमधील १९३७ची इमारत, जी पुढे लेखकांचे लाडके यामानोउए हॉटेल झाली, ती २०२४ साली बंद झाली. तोयोसातो वाचली ती गावकरी आडवे उभे राहिले म्हणून.

२६/
भारतात याच वाटेने आलेला माणूस आपल्याला चांगला परिचित आहे : लॉरी बेकर. १९४५ साली ते कुष्ठरोग मिशनचे वास्तुविशारद म्हणून भारतात आले. त्याआधी जहाजाची वाट पाहत मुंबईत थांबले असताना त्यांची गांधीजींशी भेट झाली होती. जुन्या कुष्ठधामांचे रुग्णालयांत रूपांतर करणे हे त्यांचे पहिले काम. डॉक्टर एलिझाबेथ यांच्याशी विवाह, पिथोरागढच्या डोंगरात सोळा वर्षे, मग केरळ. १९८०च्या दशकाच्या अखेरीस भारताचे नागरिकत्व, २००७ साली तिरुवनंतपुरम येथे मृत्यू. बेकर मिशनमधून लवकर बाहेर पडले आणि एकट्याने, मिस्त्री-गवंड्यांसोबत काम करत राहिले. व्होरिस यांनी संस्था बांधली. दोघांना जोडणारा धागा एकच : इमारत कशी बांधावी हे त्यांनी तेथे राहून शिकले.

२७/
राहण्याने नेमके काय मिळते? पहिले म्हणजे परिणाम भोगावा लागतो. आराखडा देऊन निघून गेलेल्याला गळके छप्पर दिसत नाही. त्याच गावात राहणाऱ्याला ते दर पावसाळ्यात दिसते. दुसरे म्हणजे हाताखालची माणसे तयार होतात. तिसरे म्हणजे विश्वास. १९०७ साली ज्यांच्या आईबापांनी या परदेशी मास्तराला हाकलले, त्याच परिसरातील एका व्यापाऱ्याने १९३७ साली गावाच्या शाळेसाठी त्याच्याच कार्यालयाचे दार ठोठावले. या तीस वर्षांना पर्याय नव्हता.

२८/
आणि तरीही या साऱ्याला आपण 'व्होरिसची वास्तुकला' म्हणतो. मराठीत 'राहून गेले' या शब्दांना दोन अर्थ आहेत. एक, जे मागे थांबले. दुसरा, जे सांगायचे सुटले. योशिदा, मुराता, सातो हे दोन्ही अर्थांनी राहून गेलेले लोक आहेत. योशिदा यांनी १९२३ साली या कामावर स्वतः पुस्तक लिहिले म्हणून त्यांचा आवाज तरी उरला. टेबलाशी वाकून आयुष्यभर रेषा ओढणाऱ्या इतरांचे नाव आराखड्याच्या कोपऱ्यातही सहसा येत नाही. संस्थापकाचे चरित्र लिहिणे सोपे असते. हजेरीपटाचा इतिहास लिहिणे अवघड.

२९/
म्हणून शेवटी एक काम तुमच्यावर सोपवतो. आपल्याकडेही मिशनच्या जुन्या वास्तू पुष्कळ आहेत. मिरजेला १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी सुरू केलेले रुग्णालय, अहमदनगरची मिशन आवारे, मुंबईच्या चौपाटीवरचे विल्सन महाविद्यालय. संस्थापकांची नावे फलकावर सापडतील. त्या फलकाच्या पलीकडे पाहा. बांधकामाची देखरेख कोणी केली, मिस्त्री कोण होता, चाळीस वर्षे जमाखर्च कोणी सांभाळला? जुन्या हिशेबाच्या वह्या, वार्षिक अहवाल, गावातील म्हातारी माणसे यांना विचारा. जे सापडेल ते येथे प्रतिसादांत लिहा. दप्तरे कसरीच्या तोंडी जाण्याआधी एवढे तरी आपण करू शकतो.